मुद्राचित्राचे मूळपण आणि आपला संग्राहक

चित्रसंग्रहाच्या विचारात मुद्राचित्राला सहसा दुय्यम स्थान मिळते. एकाच ठशावरून अनेक प्रती निघत असतील, तर त्यांतील एखादीस मूळ कलाकृती कसे म्हणावे, ही शंका त्यामागे असते. कागदाच्या खालच्या कडेला चित्रकाराची सही व प्रतीचा क्रमांक असला की तिचे निरसन झाले, असे बहुतेक संग्राहक मानतात. ही कसोटी अपुरी आहे आणि महाराष्ट्रातील सामग्रीच्या बाबतीत तर ती दिशाभूल करणारी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अम्लरेखनात तांब्याच्या वा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर सुईने रेखाटन करतात. उघडी पडलेली रेषा आम्लाने चरते, तीत शाई भरली जाते आणि ओलसर कागद दाबयंत्राखाली ती शाई उचलून घेतो. काष्ठकोरीव कामात याच्या उलट घडते. तेथे आडव्या छेदाच्या कठीण लाकडावर कोरलेला भाग पांढरा राहतो व उंच राहिलेला भाग शाई घेतो. दोन्ही प्रकारांत चित्र पूर्णत्वास जाते ते ठशावरच. अन्यत्र सिद्ध झालेल्या चित्राची ती नक्कल नसते. रेम्ब्रांटने ‘तीन क्रूस’ या १६५३ च्या चित्राचा पत्रा पुढे इतका बदलला की चौथ्या अवस्थेतील प्रत जवळजवळ स्वतंत्र चित्र ठरते. त्याच्या प्रतींवर क्रमांक नाहीत. पेन्सिलीने सही करण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. सहीलाच प्रमाण मानले तर रेम्ब्रांटलाही संग्रहाबाहेर ठेवावे लागेल. तेव्हा मूळपण शोधावयाचे ते ठशावर घेतलेल्या हाताच्या निर्णयात.

ही कसोटी आपल्या इतिहासाला लावून पाहण्यासारखी आहे. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील मॅलेट याच्या प्रेरणेने एका तांबटाने ताम्रपट कोरण्याची विद्या आत्मसात केली. नाना फडणविसांच्या मृत्यूनंतर मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये ताम्रपटांवरून भगवद्गीता छापली गेली. भांडी घडविणाऱ्या जातीच्या हाताने हे अक्षरकोरीव काम साधले. परंतु त्यातून चित्रकोरणीची परंपरा मात्र उभी राहिली नाही. पुढे १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला व नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला.

या दोन छापखान्यांची चित्रे एकाच नावाखाली जमा करण्यात विवेक नाही. रविवर्म्याचे रंगीत शिळामुद्रण हे प्रामुख्याने त्याच्या तैलचित्रांचे रूपांतर होय. दगडावरचा हात त्याचा नव्हे, कारागिरांचा आहे. चित्रशाळेची अनेक चित्रे छापण्याच्या हेतूनेच रचली गेली, परंतु रचणाऱ्याचे नाव बहुधा पुसले गेले. पहिल्याच्या बाबतीत नाव मोठे व मूळपण कमी. दुसऱ्याच्या बाबतीत नाव नाही, पण मूळपणाचा दावा अधिक सबळ आहे. सहीवर विसंबणारा संग्राहक नेमक्या दुसऱ्याच गटाकडे पाठ फिरवतो. रविवर्म्याची चित्रे जमवू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. लोकरुचीचा व देवप्रतिमांच्या प्रसाराचा पुरावा म्हणून त्यांचे मोल फार मोठे आहे. मात्र ते मोल मूळ मुद्राचित्राचे नाही, एवढे स्पष्ट असावे.

सहीचा हा मोह आज अधिकच घातक झाला आहे. छायायांत्रिक वा संगणकीय प्रतिकृतीवरही सही व क्रमांक घालता येतो. अशा वेळी भिंगच उपयोगी पडते. ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ती यांत्रिक प्रतिकृती समजावी; जाळी न दिसल्यास मात्र तेवढ्यावरून मूळपण सिद्ध होत नाही. अम्लरेखनात शाई कागदावर किंचित उठून दिसते आणि पत्र्याच्या कडांचा दाब कागदात उमटलेला असतो. चौकटीत बसविण्यासाठी समास कापून टाकण्याची आपली सवय या दृष्टीने अनर्थकारक आहे. दाबाची खूण आणि छापखान्याचे नाव एकाच कात्रीने नाहीसे होते.

लोणी काळभोर येथे ललितकलांचे विद्यापीठीय शिक्षण दिले जाते आणि चित्रशाळेचे पुणे तेथून हाकेच्या अंतरावर आहे. अशा ठिकाणी अभ्याससंग्रह उभा करावयाचा झाल्यास विख्यात नावांच्या मागे लागण्याचे कारण नाही. एकाच ठशाच्या क्रमिक अवस्था, चाचणीच्या प्रती, वापरून झालेला पत्रा वा लाकूड, विद्यार्थ्यांच्या कामाची एकेक जपलेली प्रत आणि त्यांच्याशेजारी, पण निराळ्या वर्गात, चित्रशाळा व मळवली येथील चित्रे, एवढी सामग्री अल्प खर्चात जमू शकते. मुद्राचित्राच्या प्रती अनेक असतात, हे त्याचे उणेपण नसून विद्यार्थ्याच्या हाती मूळ कलाकृती येण्याचा तोच एक मार्ग आहे. संग्रहाची प्रतिष्ठा त्यातील नावांवरून न ठरता नोंदवहीतील वर्गीकरणावरून ठरेल, तेव्हाच त्या अनामिक कारागिरांच्या हातांचा शोध सुरू होईल.