कोर्लईची बोली आणि आपले किनारी ललितलेखन

आपल्या समाजाच्या मराठी नियतकालिकांतून कोकणकिनाऱ्यावर जे ललितलेखन होते, त्याचा एक साचा बनून गेला आहे. गाव वसई असो, रेवदंडा असो वा कोर्लई असो. आरंभी ढासळलेला बुरूज येतो, मग भग्न चर्चची कमान, नारळी-पोफळी, आणि अखेरीस समुद्रात बुडणारा सूर्य. या लेखांतील भक्तिभाव खरा असतो, भाषाही पुष्कळदा गोड असते. परंतु त्या गावातली माणसे दिवसभर काय करतात, असे विचारले की लेख मुका होतो. समुद्रापासून शेकडो मैल दूर, किनवटसारख्या ठिकाणी हे लेख वाचणाऱ्या कुटुंबांना त्यांतून दगड दिसतात. आपले धर्मबंधू दिसत नाहीत. आमचा आक्षेप आहे तो याला.

कोर्लईचेच उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यातील मुरूड तालुक्यात, कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर हे शांत गाव वसले आहे. समुद्रात शिरलेल्या डोंगराच्या सोंडेवर तेथला किल्ला आहे. १५९४ साली तो पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतला. १७४० साली तो मराठ्यांकडे गेला. आपल्या लेखकांची कथा बहुधा येथे संपते. वस्तुतः गावाची कथा येथून सुरू व्हावयास हवी. राज्यकर्ते निघून गेले; भातशेती करणारी ख्रिस्ती माणसे मागे राहिली, आणि त्यांच्या मुखी त्यांची भाषाही राहिली.

ही भाषा तेथील घरांतून आजही बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात. अर्थ ‘आमची भाषा’. यातील दुसरा शब्द पोर्तुगीज ‘लिंग्वा’वरून, म्हणजे जीभ अथवा भाषा या अर्थाच्या शब्दावरून, आला आहे. शब्दसंग्रह बहुतांशी पोर्तुगीज. पण क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. ती बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. पोर्तुगीज सत्ता वसईतूनही १७३९ साली गेली. मात्र तेथील सामवेदी ख्रिस्ती समाजाची कादोडी ही मराठीचीच बोली राहिली. दोन्हीकडे श्रद्धा एकच, इतिहासही जवळचा. पण घरातली भाषा निराळी. असे का घडले असेल, ही जिज्ञासा आमच्या लेखकांना फारशी शिवलेली दिसत नाही. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने कोर्लईच्या बोलीवर १९९६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. परक्या माणसाने एवढ्या आस्थेने ऐकावे आणि आपण बुरूज मोजीत बसावे, हे आपल्या समीक्षेने लक्षात घ्यावयास हवे.

कोणी म्हणेल, ललितलेखकाने व्याकरण कशाला पाहावे? व्याकरण नको, दैनंदिन जीवन पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषांतून होऊ लागली. कोर्लईत लोकभाषा म्हणून मराठी आली, शाळेतही मराठीच. ती आली हे चांगलेच झाले. तिच्यामुळे ते लोक आपल्या साऱ्यांशी जोडले गेले. तथापि जे मूल प्रार्थना मराठीत म्हणते आणि आजीजवळ जेवण दुसऱ्या भाषेत मागते, त्याच्या मनात काय चालत असेल? दोन्ही भाषा देवाला सारख्याच कळतात, हे त्याला कोणी सांगितले असेल काय? साहित्याचा विषय हा आहे. तो सूर्यास्तात सापडावयाचा नाही.

हा प्रश्न किनाऱ्यापुरता नाही, म्हणून तर तो येथे मांडीत आहोत. किनवट तालुक्यात कोलामी, गोंडी, गोरमाटी या बोली घराघरांतून ऐकू येतात, आणि बाजार, शाळा, कचेरी मराठीत चालते. चुलीजवळची भाषा एक आणि वहीतली दुसरी, हा अनुभव पैनगंगेकाठीही नवा नाही. कोर्लईच्या घरातले बोलणे कोणी नेमकेपणाने लिहिले, तर त्याचे मर्म येथील वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय चावी, पगार, बटाटा, लिलाव, घमेले हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आपण रोज वापरतो. किल्ले किनाऱ्यावरच राहिले. शब्द मात्र मराठवाड्यापर्यंत चालत आले, ते रोजच्या व्यवहारातून.

आपली परंपराही हेच शिकविते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, ते येथल्या लोकांच्या भाषेत आणि त्यांच्या ओळखीच्या ओवीत. अलीकडे २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. मराठवाड्याच्या भूमीवर किनाऱ्याचा तो सन्मान झाला. आता अपेक्षा आहे ती लेखकांकडून. कोर्लईवर पुढचा लेख लिहिणाऱ्याने किल्ल्याच्या पायऱ्या चढण्याआधी एखाद्या ओटीवर तासभर बसावे आणि कान उघडे ठेवावेत. हजारभर माणसांची भाषा एकदा थांबली, तर ती पुन्हा ऐकण्याची संधी कोणत्याही लेखकाला मिळणार नाही.