हिमकन्येचे हरवलेले नाव

जोहान राइनहार्ड हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ. ‘द आइस मेडन’ हा त्यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ साहसकथा म्हणून वाचनीय आहेच. परंतु मृतांना मूठमाती देणे हे दयाकृत्य मानणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना तो अधिक खोलवर अस्वस्थ करतो.

सप्टेंबर १९९५ मध्ये राइनहार्ड आणि त्यांचे सहकारी मिगेल साराते पेरू देशातील आम्पातो पर्वतावर चढले. शेजारच्या साबान्काया ज्वालामुखीच्या राखेमुळे शिखरावरील बर्फ वितळले होते. तेथे त्यांना इंका काळातील एका किशोरीचा गोठलेला देह आढळला. ‘कापाकोचा’ या विधीत तिचा बळी दिला गेला होता. १९९६ साली झालेल्या सी. टी. स्कॅनमध्ये तिच्या कवटीवरील घातक आघात स्पष्ट दिसला. पुढे १९९९ साली अर्जेंटिनातील युयाइयाको शिखरावर, ६,७०० मीटरांहून अधिक उंचीवर, राइनहार्ड यांच्या पथकाला आणखी तीन बालदेह सापडले.

पर्वत हाच पाणी देणारा, पिके राखणारा देव, ही इंकांची श्रद्धा लेखक सहानुभूतीने उलगडतात. रानटीपणाचा शिक्का मारून ते मोकळे होत नाहीत, हा या ग्रंथाचा मोठा गुण होय. मात्र निवेदन प्रथमपुरुषी असल्याने चढाईचा थरार वारंवार पुढे येतो आणि मुलगी मागे पडते. सतराव्या शतकातील येशूसंघीय फादर बर्नाबे कोबो यांनी नोंदवून ठेवले आहे, की मूल देताना आईबापांनी दुःख दाखवणे हा अपराध गणला जाई. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या केसांच्या परीक्षणावरून असे दिसते, की युयाइयाकोच्या तेरा वर्षांच्या मुलीला अखेरच्या काळात कोका आणि मद्य मोठ्या प्रमाणात दिले जात होते. श्रद्धा समजून घेताना हे दडपलेले अश्रू विसरता येत नाहीत.

अर्थात, आपणही न्यायासनावर बसण्याची घाई करू नये. फादर पाब्लो होसे दे आरियागा यांच्या १६२१ सालच्या ग्रंथात, अँडीजच्या रहिवाशांनी जपलेले पूर्वजांचे देह मूर्तिपूजेच्या निर्मूलनासाठी जाळल्याचे वृत्त आहे. धर्माच्या नावाने झालेली तीही विटंबनाच.

आपल्या काळाने वेगळीच विटंबना शोधली. २०१७ पासून ‘नाझकाचे परग्रहवासी’ म्हणून तीन बोटांचे देह मिरवण्यात आले. सप्टेंबर २०२३ मध्ये हायमे माउसान यांनी असे दोन देह मेक्सिकोच्या संसदेतही मांडले. लिमाच्या विमानतळावर जप्त झालेल्या तशाच दोन बाहुल्या प्राण्यांची हाडे आधुनिक गोंदाने जोडून बनवल्याचे पेरूच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. काही देह मात्र खऱ्या प्राचीन माणसांचे असून त्यांत फेरफार केल्याचा तज्ज्ञांचा आक्षेप आहे. इंकांनी त्या मुलांना देवाकडे पाठवले. या मंडळींनी मृतांचे माणूसपणच नाकारले.

जुन्या करारातील इफ्ताहाची कन्या आपल्याला आठवते. पित्याच्या नवसापायी बळी जाण्यापूर्वी तीही डोंगरांवर जाऊन रडली होती. तिचेही नाव शास्त्राने नोंदवलेले नाही. आम्पातोच्या मुलीला जग ‘हुआनिता’ म्हणते. हे नाव तिच्या आईने ठेवलेले नव्हे. ते तिला शोधणाऱ्या जोहानवरून, म्हणजे आपल्या योहानवरून, पडले आहे. तिचा देह आरेकिपा येथील कॅथलिक विद्यापीठाच्या संग्रहालयात, शीतपेटीच्या काचेआड ठेवण्यात आला. राइनहार्ड यांचा ग्रंथ जरूर वाचावा. पण वाचताना त्या काचेपुढे प्रेक्षक म्हणून नव्हे, तर शोकाला आलेल्या आप्तासारखे उभे राहावे.