धो धो आणि ठिब ठिब

लिखाण जिवंत करायचे असेल तर त्यात आवाज हवा, असे मला लहानपणी कुणीतरी सांगितले आणि माझे वाटोळे झाले. पानांची सळसळ, नाण्यांचा छनछनाट, विजांचा कडकडाट ही शाळेतली यादी मला अजून तोंडपाठ आहे. तीत तारकांचा चमचमाटही होता. तारका आवाज कधी करतात, हे विचारल्याबद्दल मी छडीचा सपसप आवाज ऐकला.

पुढे लेखक झालो (म्हणजे तसे मीच ठरवले). गोंदिया-डोंगरगड मार्गावरच्या दरेकसाजवळ हाजरा धबधबा आहे. त्यावरचा लेख मी घरी पंख्याखाली बसूनच लिहिला. गाडी छुक छुक करत बोगद्यात शिरली, धबधबा धो धो कोसळला, झरे खळखळले. ‘‘एकदा बघून तर या,’’ सौ. म्हणाली.

भर मे महिन्यात गेलो. पहिला दणका गाडीने दिला. ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने १९९५ सालीच निवृत्त झालेली. विजेचे इंजिन बापडे नुसते घूंऽऽ करते. धबधब्याशी पोचलो तर समोर कातळ, नि त्यावरून ओघळणारी पाण्याची एक करंगळी. शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारले, ‘‘बाबाजी, धो धो कुठाय?’’

‘‘आता कायचा धो धो जी! पान्याचे दिवस येऊ द्या. आता त ठिब ठिब करते.’’

इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. खरे तर ‘धबधबा’ हा शब्दच मुळी आवाजातून आलेला. ‘फटफटी’ तशीच, ‘खुळखुळा’ही तसाच. कुणीतरी आधी कान देऊन ऐकले, मग शब्द केला. १८९३ साली केशवसुतांनी ‘झपूर्झा’ केला तोही झिम्मा खेळणाऱ्या पोरींच्या ‘जा पोरी जा’तून. आम्ही मात्र कान बंद ठेवून यादी उघडतो. आमच्या कथेत दार नेहमी करकरते, मग त्याला कालच तेल घातलेले का असेना!

मराठीची ऐट तर याच्याही पुढची. ती आवाज नसलेल्या गोष्टींनाही आवाज देते. रस्सा झणझणीत, भाकरी लुसलुशीत, दिवा मिणमिणता. ठणकणारी दाढ शेजाऱ्याला ऐकू येत नाही, पण ‘ठणका’ म्हटले की त्याचाही हात गालाकडे जातो. म्हणजे तारकांचा चमचमाट काही खोटा नव्हता. फक्त तो आधी कुणीतरी मान वर करून पाहिलेला असावा लागतो.

घरी येऊन लेखातले सगळे आवाज खोडले, एक ठिब ठिब तेवढी ठेवली. संपादकांचे उत्तर आले : ‘‘लेख बरा आहे, पण धबधब्यात जोर नाही. चार आवाज घालाल का?’’

मी कळवले, ‘‘घालतो. पाऊस पडू द्या.’’