न दिसलेली रात्र

चित्रपटाचे वा दूरचित्रवाणीवरील मालिकेचे परीक्षण करावयास बसणाऱ्या टीकाकाराने लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा, अशी आजची स्थिती आहे. आपण पाहिले ते चित्र आणि कलावंताने घडविले ते चित्र ही दोन्ही एकच होती काय? पुस्तकाच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पानोपानी मुद्रणदोष असले तरी वाचक ते ओळखतो, मनातल्या मनात सुधारतो आणि पुढे जातो. घरच्या पडद्यावर मात्र मुद्रणदोषही चित्राचेच रूप घेऊन येतो, आणि तो बिचाऱ्या कलावंताच्या माथी मारला जातो. या अन्यायाचे अलीकडील सर्वांत बोलके उदाहरण घेऊन त्याची थोडी चिकित्सा करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२८ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेतील एचबीओ या केबल वाहिनीवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या आठव्या पर्वाचा तिसरा भाग दाखविण्यात आला. त्याचे नाव ‘द लाँग नाइट’, म्हणजे दीर्घ रात्र. दिग्दर्शक मिगेल सापोचनिक, छायालेखक फेबियन वॅग्नर. विंटरफेल नावाच्या किल्ल्यापुढे जिवंत माणसे आणि मृतांची सेना यांच्यात एका रात्रीत होणारा संग्राम हा त्याचा विषय. ८२ मिनिटांच्या या भागासाठी उत्तर आयर्लंडमध्ये कित्येक आठवडे रात्रीमागून रात्री चित्रण चालले होते. असा हा प्रचंड खटाटोप लक्षावधी लोकांच्या घरी एकाच वेळी पोहोचला, आणि त्याच रात्री सर्वत्र एकच तक्रार उठली: काहीच दिसत नाही! काळ्या पडद्यावर करड्या चौकटी सरकताना दिसतात. कोण कोणास मारतो ते कळत नाही. छायालेखकाने यावर उत्तर दिले ते असे की, चित्र मुद्दामच तसे काळोखी घेतले आहे, ते आवश्यकतेपेक्षा अधिक काळोखी नाही. दोष आहे तो प्रक्षेपणासाठी केलेल्या संकोचनाचा आणि आपला संच नीट न लावणाऱ्या प्रेक्षकांचा.

हा वाद केवळ रुचिभेदाचा नाही. त्याचा निवाडा करावयाचा तर चित्र आपल्या घरी कोणत्या वाटेने येते ते थोडे समजून घ्यावे लागते.

‘हाय-डेफिनिशन’ हा शब्द आपण प्रतिष्ठेने उच्चारतो. पण त्याचा अर्थ फार तर बिंदूंच्या संख्येपुरता आहे. पूर्ण चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू. प्रत्येक बिंदूस २४ बिट आणि सेकंदास २४ चित्रे धरली, तर मूळ चित्राचे वजन सेकंदास सुमारे १२०० मेगाबिट होते. आता ज्या नळातून ते यावयाचे तो पाहा. अमेरिकन केबलमधील ६ मेगाहर्ट्झच्या एका मार्गातून सेकंदास सुमारे ३८ मेगाबिट जातात, आणि त्या एका मार्गात दोन, प्रसंगी तीनही हाय-डेफिनिशन वाहिन्या कोंबल्या जातात. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्यास बारा ते एकोणीस मेगाबिट. मागणीबरहुकूम चित्र जेव्हा इंटरनेटवरून येते, तेव्हा तर पाच-सहा मेगाबिटांवरही भागविले जाते. बाराशेंतील सहा! मण धान्य द्यावे आणि घरी मूठभर पोहोचावे, तसा हा हिशेब. तरी पोत्यावरचा शिक्का मात्र तोच राहतो. कारण बिंदू वीस लाख आहेतच, त्यांतले सत्य तेवढे गळालेले आहे.

ज्याला कॉम्प्रेशन म्हणतात त्या संकोचनाची युक्ती स्वतः निंद्य नाही. उलट ती मानवी बुद्धीचा एक चमत्कार आहे. तिच्या मुळाशी असलेले गणित बेंगळुरूत १९४० साली जन्मलेले नासिर अहमद यांनी, टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह, १९७४ साली प्रसिद्ध केले. चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे लहान चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनातील उजेड-अंधाराचे चढउतार लहानमोठ्या लाटांच्या बेरजेने मांडावयाचे. आणि ज्या बारीक लाटांची उणीव डोळ्यास जाणवत नाही त्या सोडून द्यावयाच्या. भरपूर उजेडातील मुखवट्यावर, शेतावर, क्रिकेटच्या मैदानावर ही युक्ती इतकी बेमालूम साधते की फसवणूक झाल्याचे कळतही नाही. पुढील काळातील नव्या पद्धतींनी हे चौकोन लहानमोठे केले, हिशेब अधिक चतुर केला. तत्त्व तेच राहिले.

परंतु काळोख या युक्तीचा वैरी आहे. नेहमीच्या दूरचित्रवाणीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २२० पायऱ्या असतात. रात्रीचे चित्र त्यांतल्या तळच्या थोड्याशा पायऱ्यांवरच उभे असते. तेथे एका छटेत आणि शेजारच्या छटेत अंतर एवढे अल्प असते की, बिटांची टंचाई झाली म्हणजे संकोचन करणारे यंत्र प्रथम तेच अंतर क्षुल्लक म्हणून पुसून टाकते. मग हळूहळू गडद होत जाणारे आकाश पायऱ्यापायऱ्यांचे होते. त्यावर पट्टे उमटतात. धुक्याचे ठोकळे बनतात. त्यात धूर, हिम, ज्वाळा असे सतत हलणारे काही असले तर यंत्राची तारांबळच उडते. कारण मागच्या चित्रावरून पुढचे ताडण्याची त्याची जी बचत, ती तेथे चालत नाही. ‘द लाँग नाइट’मध्ये काळोख, धुके, हिमवादळ आणि अग्नी हे चारही एकत्र आले आहेत.

येथे जुन्या दिवसांची आठवण अप्रस्तुत होणार नाही. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण मालिका सुरू झाली, तेव्हा घराच्या कौलांवरचा अँटेना वाऱ्याने हलला की पडद्यावर मुंग्या येत. पण त्या मुंग्या साऱ्या चित्रावर सारख्याच पसरत आणि त्यांच्याआड राम राम म्हणूनच दिसे. दोष उघड होता, म्हणून निरुपद्रवी होता. त्याचा ठपका कोणी दिग्दर्शकावर ठेवला नाही. आजचा दोष चित्राच्याच रंगाने नटून येतो, म्हणूनच तो अधिक फसवा आहे.

आता कलाकृतीकडे वळू. प्रस्तुत लेखकाने हा भाग दोनदा पाहिला: प्रथम मागणीबरहुकूम सेवेवरून, आणि नंतर डिस्कवरून, जिच्यात चित्रास सेकंदास चाळीस मेगाबिटांपर्यंत वाव असतो. दोन्ही वेळी खोलीतला दिवा मालविला होता. आरंभीच्या एकाच प्रसंगाची तुलना पुरेशी आहे. संग्रामापूर्वी एक जोगीण येते आणि मंत्र म्हणून हजारो घोडेस्वारांच्या वाकड्या तलवारी पेटविते. ते स्वार अंधारात चाल करून जातात. आपण किल्ल्यापाशी उभे राहून पाहतो: दूर गेलेल्या ज्वाळांची एक ओळ, मग ठिपके, मग एकेक ठिपका विझत जातो आणि शेवटी काळोख उरतो. एकही घाव दाखविलेला नाही, एकही शब्द नाही. केवढी विलक्षण योजना आहे ही! मृत्यूचा आकडा दिव्यांच्या भाषेत सांगितला आहे. डिस्कवर पाहताना एकेका ज्योतीबरोबर छातीत काहीतरी विझत जाते. पहिल्या खेपेस मात्र त्या ज्योती एकमेकींत वितळून एक करडा-पिवळा ठोकळा झाला होता. तो थोडा फुगला, थोडा फुटला आणि नाहीसा झाला. जे मोजावयाचे होते तेच मोजता आले नाही. प्रसंगाचा अर्थच वाटेत सांडला.

देवळाच्या गाभाऱ्यात समईच्या उजेडात उभे राहिलेल्या माणसास हे वेगळे समजावून सांगावयास नको. तेथे अंधार ही उणीव नसते. डोळा स्थिरावेपर्यंत थांबावे लागते आणि मग मूर्तीचे एकेक अंग उजळू लागते. मंद प्रकाशात पाहणे ही पाहण्याची एक स्वतंत्र रीत आहे. वॅग्नर यांचा काळोख याच जातीचा असून त्यास कृत्रिम ठरविणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण समईची ज्योत आणि तिच्याभोवतीच्या सावल्या यांच्यामध्ये ज्या असंख्य छटा असतात, त्या काढून घेतल्या तर उरतो तो अंधार नव्हे, नुसता काळा रंग.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सारा दोष नळावर ढकलून छायालेखक मोकळा होऊ शकत नाही. हिमवादळात अजगरसदृश पंखधारी प्राणी एकमेकांशी झुंजतात, त्या प्रसंगात उत्तम डिस्कवरही कोण कोठे आहे याचा उमज पडत नाही. तेथे दोष प्रकाशाचा नसून मांडणीचा आहे. दिशांचे भान एकदा सुटले की उजेड वाढवूनही उपयोग नसतो. याउलट आर्या ही मुलगी मृतांनी भरलेल्या ग्रंथालयातून श्वास रोखून सरकते, तो प्रसंगही तितकाच अंधुक आहे. पण चित्र जवळचे, हालचाल थोडी आणि जागा ओळखीची असल्याने तो पहिल्या खेपेसही पुष्कळसा टिकून राहिला. यावरून काढावयाचा बोध स्पष्ट आहे. आपली कृती कोणत्या वाटेने लोकांपर्यंत जाणार हे ज्या कलावंतास ठाऊक आहे, त्याने त्या वाटेचाही विचार केला पाहिजे. सभागृह मोठे असेल तर गवई आपला आवाज त्या सभागृहास जुळवून घेतो. त्यात त्याच्या कलेस कमीपणा येत नाही.

प्रेक्षकावर ठेवलेला ठपकाही अगदीच निराधार नाही. दुकानात झगमगावेत म्हणून संच भडक करून ठेवलेले असतात आणि तसेच घरी येतात. हालचाल गुळगुळीत करण्याची जी सोय त्यांत असते, ती बंद ठेवा, असे आवाहन नट टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी डिसेंबर २०१८ मध्ये जाहीरपणे केले होते. ते योग्यच होते. परंतु जे चित्र नळातूनच ठोकळे होऊन आले, ते संचाची कळ कितीही फिरविली तरी पूर्ववत होत नाही. प्रेक्षकाने आपल्या घरचा आरसा पुसावा हे खरे. पण वाटेतच विटलेले रंग आरसा पुसून परत येत नाहीत.

मग मुख्य जबाबदारी कोणाची? आमच्या मते विकणाऱ्याची. मागू ते चित्र मागू त्या क्षणी घरी, हे आश्वासन नवे नाही. १४ डिसेंबर १९९४ रोजी टाइम वॉर्नर कंपनीने फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे त्याचा मोठा प्रयोग सुरू केला होता. खर्च न पेलल्याने तो १९९७ मध्ये बंद पडला. त्यानंतर ते आश्वासन जगभर फळास आले ते मुख्यतः संकोचनाच्या जोरावर. विपुलता आली, पण तिची किंमत चित्राच्या कसातून वसूल झाली आणि गिऱ्हाइकास ती सांगितली गेली नाही. तुपाच्या डब्यावर वजन छापावे लागते. चित्रावर मात्र ‘हाय-डेफिनिशन’ एवढे दोन शब्द पुरतात. सेकंदास किती मेगाबिट देतो हे विकणाऱ्याने प्रत्येक चित्रासोबत सांगावे, ही मागणी मुळीच अवास्तव नाही. आणि टीकाकारानेही आपण कृती कोणत्या वाटेने पाहिली ते परीक्षणात नोंदवावे.

हा प्रश्न परदेशी मालिकेपुरताच राहिला असता तर त्यावर एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. पण आपल्या देवळांतील उत्सवांचे चित्रण आज घरोघर होते. काल्याची रात्र, दशावतार, हातात दिवजां घेऊन देवळाभोवती फिरणाऱ्या सुवासिनींची रांग, ही सारी रात्रीची आणि दिव्यांची दृश्ये आहेत. म्हणजे नेमकी तीच, जी संकोचनात प्रथम मरतात. चित्रण एकदा इंटरनेटवर चढविले की काम झाले, असे समजून कॅमेऱ्यातील मूळ प्रत पुसून टाकण्याची चाल सर्रास पडली आहे. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक ते चित्र उघडील आणि त्यास दिसतील काळ्या पडद्यावर सरकणाऱ्या करड्या चौकटी. त्या सुवासिनींचे मुख त्यास दिसणार नाही, आणि आपल्या पूर्वजांस चित्र काढता येत नव्हते, असा निर्णय तो देऊन टाकील. त्या वेळी उत्तर देण्यास वॅग्नरप्रमाणे कोणी उभा असणार नाही. देवस्थानांच्या समित्यांनी आणि नाट्यमंडळ्यांनी मूळ प्रती वेगळ्या जपून ठेवाव्यात, एवढे तरी आपल्या हातचे आहे.