मागावरून उठलेली मुलगी

'द वॉर ऑफ द रोहिरिम' (2024) बघून थिएटरातून बाहेर पडलो तो तिडीक डोक्यात घेऊनच. सुरुवात फक्कड आहे. फ्रेका नावाचा सरदार भर दरबारात राजा हेल्मच्या मुलीला, हेराला, आपल्या पोरासाठी, वुल्फसाठी, मागणी घालतो. शब्दाने शब्द वाढतो, आणि हेल्म त्याला एका ठोशात गार करतो. दोन घराण्यांची इभ्रत, मधे एक मुलगी. याहून चांगला मालमसाला कुठल्या दिग्दर्शकाला मिळणार? पण केंजी कामियामा तिथून जो वेढ्याच्या आणि हाणामारीच्या मागे लागतो, तो शेवटी हेराला नवरीच्या पोशाखात वुल्फसमोर उभी करूनच थांबतो. यातलं प्रतीक कळलं नाही तर पैसे परत, इतकं ते ठळक. बाप मेला, भाऊ मेले, मुकुट चुलतभावाच्या डोक्यावर. टॉल्किनने मूळ पुस्तकाच्या परिशिष्टात या मुलीला नावसुद्धा दिलं नव्हतं. इथे तिला नाव मिळालं, घोडा मिळाला, तलवार मिळाली. पण जिच्यावरून युद्ध पेटलं ती इभ्रत कुणाची, आणि तिचा हिशेब कोण ठेवतं, हे विचारायला सव्वादोन तासांत कुणाला सवड झाली नाही.

लढवय्या बायकांच्या ॲनिमेशनपटांत हे आता नेहमीचं झालंय. 'राया अँड द लास्ट ड्रॅगन'मध्ये (2021) बाईने लढणं कुणालाच खुपत नाही. प्रश्न सोडवण्यापेक्षा काढून टाकणं सोपं. 2020 ची जिवंत नटांची 'मुलान' इथे विषयाबाहेरची, पण तिच्यातली तलवार सांगण्यासारखी आहे. तिच्यावर निष्ठा, शौर्य, सत्य असं कोरलेलं असतं, आणि शेवटी मिळणाऱ्या नव्या तलवारीवर चौथी भर पडते ती कुटुंबभक्तीची. म्हणजे इभ्रत आता शस्त्रावरच छापून मिळते.

मुलानच्या गोष्टीचं मूळ ज्या चिनी गीतात आहे, ते यातल्या किती जणांनी नीट वाचलं असेल याची मला शंका आहे. उत्तर वेई काळातलं मानलं जाणारं हे गीत सुरू होतं ते मागावर. मुलगी दाराशी विणायला बसलीय, पण धोट्याचा आवाज येत नाही, नुसते उसासे. खानाचा भरतीचा हुकूम आलाय आणि प्रत्येक यादीत वडिलांचं नाव आहे. घरात कर्ता मुलगा नाही. मग ती उठते आणि बाजारात जाते. पूर्वेच्या बाजारातून घोडा, पश्चिमेच्या बाजारातून खोगीर, दक्षिणेकडून लगाम, उत्तरेकडून चाबूक. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आपण पिशवी घेऊन निघतो तशी. युद्ध चार-सहा ओळींत उरकतं. परतीला मात्र गीत ऐसपैस बसतं. म्हातारे आईबाप एकमेकांचा आधार घेत वेशीबाहेर येतात, बहीण नटूनथटून बसते, धाकटा भाऊ डुक्कर-मेंढी कापायला सुरीला धार लावतो. मुलान आपल्या खोलीत जाते, जुने कपडे घालते, खिडकीशी बसून केस विंचरते. बाहेर आलेल्या तिला बघून बारा वर्षांचे सोबती थक्क होतात. बस्स. क्षमायाचना नाही, पूर्वजांचा कोप नाही, घराण्याला बट्टा नाही. बारा वर्षं खोटं बोललेल्या मुलीला कुणी साधा जाब विचारत नाही.

इभ्रत आली ती नंतर, सवडीने. सोळाव्या शतकात शू वेईने तिच्यावर नाटक लिहिलं, तिला हुआ हे आडनाव दिलं, तिचे पाय बांधले आणि शेवटी लग्न लावून दिलं. सतराव्या शतकातल्या 'सुई तांग यानयी' या कादंबरीत तर खानाच्या जनानखान्यात जाण्यापेक्षा ती जीव देते. मुलान अशी हळूहळू खानदानी झाली, आणि डिस्नेने 1998 मध्ये उचलली ती ही खानदानी मुलान. माग गेला. त्याच्या जागी लग्न जुळवणाऱ्या बाईपुढची चहाची किटली आली. आपल्याकडचे कांदेपोहेच ते, फक्त किमोनोसदृश काहीतरी घालून केलेले. आशियातलं घर म्हटलं की तिथे 'मान' हा एकच शब्द बोलतात, अशी हॉलिवूडची जी समजूत आहे तिची लागवड बरीचशी इथली.

तरी या चित्रपटातल्या दोन जागा मला फार आवडतात. मुलगी पळून गेल्यावर आई म्हणते, तिच्या मागे जा. पाय अधू असलेला बाप म्हणतो, मी तिचं बिंग फोडलं तर तिला मारतील. इभ्रतीचा कायदा बाहेर किती क्रूर आहे आणि घरात त्याला कसा वळसा घालावा लागतो, हे या दोन वाक्यांत आलंय. दुसरी जागा शेवटची. मुलगी शत्रूची तलवार आणि सम्राटाचं मानचिन्ह बापापुढे ठेवते, तो दोन्ही बाजूला टाकून तिला पोटाशी धरतो. दर वेळी माझे डोळे भरतात. आणि दर वेळी नंतर राग येतो, कारण तोवर पोरीने हूणांची फौज बर्फाखाली गाडलीय, सम्राटाचे प्राण वाचवलेत आणि आख्खं नगर तिच्यापुढे वाकलंय. बिल चुकतं झाल्यावर 'पैशाचं काय घेऊन बसलात' म्हणणाऱ्या यजमानासारखा हा बाप आहे.

'ब्रेव्ह'ने (2012) निदान भांडण घरात आणलं. ब्रेंडा चॅपमनने स्वतःच्या मुलीशी होणाऱ्या खटक्यांवरून ही गोष्ट रचली; पुढे तिलाच दिग्दर्शनावरून काढलं, ही पिक्सारच्या घरची इभ्रत. मेरिडा स्वतःच्याच स्वयंवरात धनुष्य घेऊन उतरते, ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला आठवतो तो भिंतीवरचा विणलेला पट. रागाच्या भरात ती तलवारीने आपल्याला आणि आईला त्यात वेगळं करते, आणि मग अख्खा चित्रपट ती फाटलेली जागा सांधण्यात जातो. शेवटी घोड्यावर दौडत, हातात सुई. आणि तो दरबारातला प्रसंग: अस्वल झालेली आई सगळ्यांच्या मागे उभी राहून हातवारे करते, आणि मुलगी त्यातून एकेक वाक्य लावत सरदारांपुढे बोलते. लग्न कुणी कुणाशी करायचं हा राजकारणाचा प्रश्न त्या क्षणी दोघी मिळून सोडवतात.

पण खरा कस लागला तो एका मालिकेत, 'ब्लू आय सामुराय'मध्ये (2023). मिझू निळे डोळे रंगीत काचांमागे लपवते आणि बाईपण पुरुषी कपड्यांत. सूड, रक्तपात हे सगळं यथासांग आहे. ते आवडणाऱ्यांना आवडो. पाचवा भाग मात्र वेगळाच. एकीकडे बाहुल्यांचा खेळ चाललाय, दुसरीकडे मिझूची चालू लढाई, आणि मधून तिच्या जुन्या संसाराची गोष्ट. नवरा मर्जीतून उतरलेला सामुराय, आता घोडे पाळतो. तो भला आहे, तिला समजून घेतो. तोच म्हणतो, तुझं कसब मला दाखव. ती दाखवते. आणि तो जमिनीवर पडल्यावर त्याच्या नजरेत जे होतं, ते चितारणाऱ्याने दोन-तीन रेषांत पकडलंय: प्रेमाचा माणूस बघता बघता बायकोपुढे हरलेला पुरुष होतो. शत्रूच्या शंभर तलवारींनी जे झालं नाही ते त्या एका नजरेने होतं. लढवय्या बाईचा शत्रू डोंगरापलीकडे असतो, ही सोय इथे काढून घेतलीय. 'प्रिन्सेस मोनोनोके'ने (1997) ही सोय आधीच नाकारली होती. सानला तिच्या आईबापांनी जीव वाचवायला लांडगिणीपुढे फेकलेलं, मग परतायचं कुठे? मियाझाकी तिला परत आणत नाही.

माझं भांडण माफीच्या दराशी आहे. मुलगा घरातून पळून सैन्यात गेला तर वाह्यात पोर म्हणून दोन शिव्या, मग जेवायला वाढतात. मुलीला तीच भाकरी मिळायला साम्राज्य वाचवावं लागतं, आईला अस्वलाची माणूस करावी लागते, बापभाऊ पुरावे लागतात. आपण तरी कुठे वेगळे? झाशीच्या राणीचं चित्र बहुधा पाठीला मूल बांधूनच काढतात. तलवारीला आईपणाचा जामीन. आणि हे असे चित्रपट मुलींना बळ देतात म्हणून आपण पोरींना हौसेने दाखवायला नेतो!

मूळ गीताच्या सर्वांत जवळ जाणारा ॲनिमेशनपट मला सापडला तो तलवारीविना. नोरा टूमीचा 'द ब्रेडविनर' (2017). काबूल, तालिबानी राजवट, बाप तुरुंगात. परवाना केस कापते, मेलेल्या भावाचे कपडे घालते, आणि बाजारात जाते. काल तिला हाकलणारा बाजार आज पैसे घेऊन सामान देतो. तिच्या केस कापण्याला पार्श्वसंगीताचा जल्लोष नाही, घोषणा नाही. घरात चूल पेटायची आहे. पंधराशे वर्षांपूर्वीची मुलान चार बाजार हिंडत होती, ती अशीच.

राहिला तो धाकटा भाऊ. बारा वर्षांनी घरी आलेल्या बहिणीच्या जेवणासाठी अंगणात सुरीला धार लावत बसलेला. मी पाहिलेल्या एकाही ॲनिमेशनपटात तो नाही. 1998 च्या डिस्नेने तर त्याच्या जागी कुत्रा ठेवला, आणि त्याला नाव दिलं धाकटा भाऊ.