रेडिएटर हलवला, पण धोका गेला कुठे?

या वेळी शोधनिबंध न घेता एक दावा चिकित्सेला घेतेय. ऑफरोडिंगवाल्यांच्या गप्पांत, गॅरेजमध्ये, व्हिडिओंत तो सारखा ऐकू येतो: "व्हॅन खडबडीत रस्त्यावर न्यायची असेल तर पुढचा रेडिएटर मागे किंवा वर हलवा, समोर जाड गार्ड ठोका, मग बिनधास्त जा." आमच्या वसई-विरारला हा विषय लांबचा नाही. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत हवं ते वेल्डिंग करून मिळतं, जव्हार-मोखाड्याचे घाटरस्ते याच जिल्ह्यात आहेत, आणि जोराचा पाऊस झाला की नालासोपाऱ्यात ऑफरोडिंग दारातच येतं.

आधी दाव्याची बाजू नीट मांडू. चिकित्सेचा हा पहिला नियम. आपल्याकडच्या बहुतेक व्हॅनचं नाक आखूड असतं. पुण्याच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर घ्या: इंजिन पुढे, त्याच्यापुढे रेडिएटर. एसी असला तर बऱ्याच गाड्यांत कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे. म्हणजे दगड, फांदी, चिखल यांचा पहिला मार त्यांनाच. रेडिएटरच्या नळ्या पातळ, मधल्या पत्र्या तर कागदासारख्या. एक नळी फुटली की कूलंट जातं, दाब उतरतो, इंजिन तापतं, हेड वाकतं. डोंगरात हे झालं तर टोइंगपासून हेडच्या कामापर्यंतचा खर्च समोर उभा, आणि गाडीत लहान मुलं असतील तर रात्र कुठे काढायची हा प्रश्न वेगळाच. रेडिएटर हलवण्यालाही चांगली परंपरा आहे. मेक्सिकोतल्या बाहा शर्यतीचे ट्रॉफी ट्रक रेडिएटर मागे, उंचावर ठेवतात. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत तर चिखल हाच मुख्य प्रतिस्पर्धी.

मग अडतं कुठे? माझ्या मते चार ठिकाणी.

पहिलं, "धोका" हा शब्द मोघम वापरलाय. दगड लागणं, चिखलाने पत्र्या बुजणं आणि पाण्यातून जाणं ही तीन वेगळी संकटं आहेत. दगडाला जाळी आणि खालून स्किड प्लेट चालते. चिखलाला तीच जाळी उलटी पडू शकते, कारण चिखल जाळीतच थापला जातो आणि हवा अडते. पाण्यात तर गंमतच आहे. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा पाण्यात बुडाला की पाती पुढे वाकतात आणि स्वतःच्याच रेडिएटरला घासतात. तिथे बाहेरून कितीही जाड गार्ड लावा, मारणारा आतच बसलाय. म्हणून पाण्यात शिरताना पुढे ताडपत्री बांधून, हळू आणि एका वेगाने गाडी काढायची जुनी युक्ती आहे. त्याने पुढे लाट उभी राहते आणि पंख्याजवळची पातळी खाली राहते.

दुसरं, हिशेब अर्धाच केलाय. एक कच्चं गणित बघा. गाडी ताशी ६ लिटर डिझेल जाळतेय असं धरा. एका लिटरमध्ये साधारण १० किलोवॅट-तास उष्णता, म्हणजे ६० किलोवॅट. त्यातला चौथा हिस्सा कूलंटमध्ये गेला तरी १५ किलोवॅट रेडिएटरने बाहेर टाकायचे. रेडिएटरमधून जाणारी हवा २५ अंशांनी तापू द्यायची ठरवली तर सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर हवा लागते. पुढे, गाडीच्या वेगावर, ती बरीचशी फुकट मिळते. मागे किंवा पोटाखाली ती सगळी पंख्याने ओढावी लागते.

आणि कुठली हवा? बाहेर ३५ अंश, कूलंट ९५, म्हणजे फरक ६०. पण सायलेन्सरच्या पाइपाजवळ, गाडीच्या पोटाखाली हवा ५० अंश असेल तर फरक ४५ उरतो. उष्णता बाहेर पडण्याचा दर ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असतो. तोच रेडिएटर, तेवढीच हवा, तरी क्षमता पाव हिश्शाने गेली.

शिवाय लांब पाइप आले, वळणं आली, प्रत्येक जोडाला क्लिप आली. पूर्वी मार खायला पुढचा एक चौकोन होता, आता गाडीच्या लांबीभर पसरलेली नळी आहे. फोक्सवागनच्या पाण्याने थंड होणाऱ्या टी-३ व्हॅनमध्ये कारखान्यातूनच इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे होता. तिच्यात कूलंट भरताना अडकलेली हवा काढणं हे वेगळं, चिकाटीचं काम असतं: गाडीचं नाक उचला, रेडिएटरचा स्क्रू सैल करा, इंजिन चालू ठेवा, वाट बघा. जर्मन अभियंत्यांनी आखलेल्या मांडणीची ही कथा, तर गाळ्यात अंदाजाने वाकवलेल्या पाइपाचं काय होईल याचा विचार करा.

तिसरं, उदाहरण एका जातीचं आणि निष्कर्ष दुसऱ्या जातीला. ट्रॉफी ट्रकच्या मागच्या भागात माणसं नसतात. पुढे बसलेले दोघे हेल्मेट आणि अग्निरोधक कपडे घालून असतात. व्हॅनच्या मागे आई-बाबा, पोरं, गादी, गॅसची शेगडी. तिथे आत रेडिएटर आणायचा म्हणजे ९० अंशांच्या वरचं, दाबाखालचं पाणी माणसांशेजारून फिरवायचं. होज निसटला तर आधी दगडाने गाडी बंद पडली असती, आता माणूस भाजेल. तुमच्या विषयात याला बाह्य वैधता म्हणतील: एका गटात खरं ठरलेलं दुसऱ्या गटात तसंच लागू होतं का? इथे होत नाही.

चौथं, आणि विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावं असं: "मी हलवला, काटा जरासुद्धा वर गेला नाही" हा पुरावा फार कच्चा आहे. थर्मोस्टॅटचं कामच तापमान एका पट्ट्यात धरून ठेवणं आहे. क्षमता शिल्लक असेपर्यंत काटा जागचा हलत नाही. शिल्लक ४० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली तरी डिसेंबरात, रिकाम्या गाडीत, कळंबच्या किनाऱ्याकडे फेरी मारताना काटा तेच दाखवणार. कळेल कधी? मे महिन्यात, गाडी भरलेली, घाटाची चढण, मागून वारा. शिवाय ज्यांची गाडी अडकली ते क्वचितच व्हिडिओ टाकतात. आपण वाचलेल्यांच्याच गोष्टी ऐकत असतो.

गार्डबद्दल थोडं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की गाड्यांना लावलेले क्रॅश गार्ड, बुल बार हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन आहे, कारवाई करा. कारण सरळ आहे. लोखंडी बार पादचाऱ्याला जास्त इजा करतो, आणि धडकेचा जोर चासीत वेगळ्या वाटेने नेऊन एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवू शकतो. म्हणजे इथेही तेच: रेडिएटरवरचा धोका रस्त्यावरच्या माणसाकडे सरकवला.

मग चांगला अभ्यास कसा दिसेल? बदलाआधी आणि नंतर, तोच चढ, तेवढंच वजन, जवळपास तेच हवामान. नोंदी पाच: रेडिएटरमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या कूलंटचं तापमान, रेडिएटरच्या तोंडाशी हवेचं तापमान, बाहेरच्या हवेचं तापमान, आणि पंखा किती वेळ चालला. नुसतं तापमान न देता कूलंट आणि बाहेरची हवा यांतला फरक द्या, म्हणजे जानेवारी आणि मे यांची तुलना होते. साधे थर्मोकपल आणि लॉगर यांना पुरेसे आहेत.

माझं मत विचाराल तर कुटुंबाच्या व्हॅनला रेडिएटर जागेवरच ठेवावा. खाली स्किड प्लेट, पुढे सहज काढता येणारी जाळी, चिखलानंतर आतून बाहेर हलक्या धारेने धुणं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी खारं पाणी लागलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावं, मीठ ॲल्युमिनियमच्या पत्र्या खातं. हलवायचाच असेल तर माणसांच्या डब्याबाहेर, मोठा रेडिएटर आणि दोन पंखे घेऊन, आणि वरच्या पाच नोंदी हातात आल्यावरच लांबच्या घाटाला निघा.

पुढच्या वेळी कुठल्याही निबंधात "समस्या सोडवली" असं वाचलंत की मार्जिनमध्ये पेन्सिलीने तीन प्रश्न लिहा: कुणाची? कुठे हलवली? मोजलं कशाने?