अल्लाह बंदचे दोन सर्व्हे: बर्न्स आणि बेकर

जुना नकाशा पुरावा म्हणून वापरण्याआधी त्याला काय विचारायचं, हे कच्छच्या रणाच्या उदाहरणावरून छान समजतं. १६ जून १८१९ ला तिथे मोठा भूकंप झाला. सिंदरीचा किल्ला आणि आजूबाजूचा भाग खचून पाण्याखाली गेला, आणि उत्तरेला जमिनीचा लांबलचक उंचवटा दिसू लागला. लोकांनी त्याला नाव दिलं अल्लाह बंद, म्हणजे देवाने घातलेला बांध.

संदर्भ म्हणून सगळे धाव घेतात अलेक्झांडर बर्न्सकडे. तो १८२७-२८ मध्ये रणात फिरला, नकाशा काढला. चार्ल्स लायेलने ती माहिती आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात घेतली आणि ती जगभर पोचली. लायेल स्वतः रणात कधी गेलाच नाही. बर्न्सचं वर्णन वाचनीय आहे, पण ५० मैल लांबी आणि १० फूट उंची हे ढोबळ अंदाज आहेत. आज तोच नकाशा जिओरेफरन्स करून मीटरमध्ये अंतरं काढली, तर आपण अंदाजाला दशांश चिकटवतो, एवढंच.

माझ्या मते जास्त कामाचा आहे विल्यम बेकर. त्याने १८४४ मध्ये लेव्हलिंग करून बांधाचा छेद काढला. तो १८४६ मध्ये बॉम्बे जिओग्राफिकल सोसायटीच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये, म्हणजे आपल्या मुंबईतच, दोन-तीन पानांत छापून आला. उंची भरली सुमारे २० फूट, बर्न्सच्या दुप्पट! बेकरला रस होता सिंधच्या पाण्याच्या निचऱ्यात, भूकंपाचा सिद्धांत मांडण्यात नव्हे. १९९९ मध्ये रॉजर बिल्हम यांनी भ्रंश किती सरकला हे काढताना हाच छेद वापरला.

पण बेकरलाही सूट नको. छेद एकाच रेषेवरचा आहे. तो अख्ख्या बांधाला लावता येत नाही. मोजणी भूकंपानंतर २५ वर्षांनी झाली, तोवर धूप झालीच असणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भूकंपाआधीचा छेद हाताशी नाही. त्यामुळे ते २० फूट एकट्या १८१९ चे, की त्यात आधीच्या भूकंपांचाही वाटा आहे, हे नकाशा सांगू शकत नाही.

हा वाद नुसता कागदावरचा नाही. एवढा मोठा भूकंप किती वर्षांनी परत येतो, हे गणित या उंचीवर टेकलेलं आहे. मुलुंड-घाटकोपरमधल्या कितीतरी कच्छी कुटुंबांची घरं तिकडे आहेत, आणि २००१ त्यांनी पाहिलंय. म्हणून प्रबंधात जुन्या नकाशातला आकडा घ्याल, तेव्हा शेजारी लिहा: कुणी मोजला, कशाने, कशासाठी.